आई गंगेवर सापडली तेव्हा

वडील गेले तेव्हा अस्थी घेऊन पुरुष मंडळी गंगेवर गेली. आमच्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. आई घरी राहिली. नवरा गेलेल्या बाईनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, असा आमच्याकडचा रिवाज. हे रिवाज घालून देणाऱ्यांचा नवरा कधी मेला नसावा.

सव्वा महिना भरायच्या आतच एका दुपारी आई घरातून नाहीशी झाली. फोन उशाशी, चपला जागेवर नाहीत. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे दुखरे. आमच्या तोंडचं पाणी पळालं. शहरभर खांबांवर चेहरा ओळखणारे कॅमेरे बसलेत, हे भावाला ठाऊक होतं. त्यांचं चित्रण जिथं बसून बघतात तिथल्या एका ओळखीच्याला त्यानं आईचा फोटो पाठवला. चहा निवायच्या आत आई सापडली, रामकुंडाजवळच्या पायरीवर. माझा जीव भांड्यात पडला, खोटं कशाला सांगू?

पाठोपाठ भावाच्या फोनवर तिथलं चित्रण आलं. आई पाण्याकडे बघून बोलत होती. आवाज नव्हता. मध्येच हसायची, मध्येच डोळ्यांना पदर लावायची, एकदा तर तिनं बोट उगारून कुणाला तरी दटावलं. अशी आई मी कधी पाहिली नव्हती, आणि मी पाहायलाही नको होती. भावानं मात्र आनंदाच्या भरात ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. आम्ही तिला घरी आणेपर्यंत आत्याचं विचारून झालं होतं, "वहिनीचा सव्वा महिना झाला का?" एका काकांनी डोक्याच्या डॉक्टरचा नंबरही धाडला होता.

आईनं ते सगळं पाहिलं आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी त्या ओळखीच्याला म्हटलं, आईचा चेहरा तुमच्या यंत्रातून काढून टाका. तो भला माणूस. म्हणाला, "राहू द्या की ताई. पुन्हा कुठं गेल्या तर लगेच कळेल." मी चिडले, त्याला नको ते बोलले. आईचा पाय घसरला असता तर मीच त्या खांबाला हात जोडले असते, हे मला कळतं. पण चेहरा तिचा होता, आणि तो देताना तिला कुणीच विचारलं नव्हतं.

सव्वा महिना सरला तसा भाऊ म्हणाला, "चल आई, गाडीनं गंगेवर नेतो."

आईचं माहेर नांदगावकडचं, बोलणं अजून तिकडचंच. ती म्हणाली, "नको रं बाबा. दोन खोल्यांचं घर, त्यात सासू-सासरे, दीर-जावा, तुम्ही पोरं. ह्यांच्याशी, तुझ्या बापाशी, एकटीनं बोलायला मला जन्मात जागा भेटली नाय. तिथं भेटली व्हती."