पाहुण्यांच्या तांब्यातलं पाणी

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही — नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. आता बोलणार आहे, आणि मध्येच थांबणार नाही.

निजामाच्या अमलातली गोष्ट. कनेरगाव नाक्यावर आमची धर्मशाळा होती. पलीकडं वऱ्हाड, इंग्रजांचा मुलूख. नाक्यावर मालाची झडती व्हायची, गाड्या अडकून पडायच्या, मग वाटसरू आमच्याकडं उतरायचे. अंगणातली विहीर माझ्या सासऱ्यांनी खोदलेली. ते वारले, तरी पाणी पिऊन लोक त्यांचं नाव घ्यायचे.

फाटकाशी गुणामावशी चूल मांडून बसायची. एकटी बाई. वाटसरूंना भाकर-पिठलं करून विकायची. माझ्या बाळंतपणात मला न्हाऊमाखू घातलं ते तिनंच. हे आधी सांगते, कारण पुढचं तिच्याबद्दल आहे.

दर पावसाळ्यात आमच्याकडं उतरलेली माणसं आजारी पडायची. जुलाब, ओकाऱ्या. काही बरी व्हायची, काही दगावायची. लोक म्हणायचे, मरीआईचा कोप. मीही म्हणायची. पण मला ठाऊक होतं — थांबा, क्रमानं सांगते.

आजाऱ्यांची घाण झालेली पांघरुणं मी विहिरीजवळच्या दगडावर धुवायची. एकदा धुण्याला नीळ दिली, उरलेलं पाणी तिथंच ओतलं आणि पोहरा सोडायला वाकले. आत चिऱ्यांच्या फटीतून निळा ओघळ उतरत होता, थेट पाण्यात.

आणखी काय कळायचं राहिलं होतं?

त्यानंतर हिंगोलीहून डॉक्टर आले. विहिरीत लाल औषध टाकलं आणि मला विचारलं, इथं कपडे धुता का? सासऱ्यांची विहीर माझ्या तोंडानं खराब ठरवायची? धर्मशाळा बंद पडली तर? मी म्हणाले, "न्हाई साहेब, धुणं वढ्यावर असतंय." मग माणसं काहून आजारी पडतात, ते म्हणाले. मी फाटकाकडं बघितलं. "त्या मावशीच्या हातचं खाऊन राहिले ना सारे."

मला कुणी तिचं नाव घ्यायला लावलं नव्हतं. आपणहून घेतलं.

शिपायानं तिची चूल मोडली. गावानं तिला दारात उभं करणं सोडलं. साखऱ्याला भाचीकडं निघाली तेव्हा ती माझ्यापाशी आली. "बाई," ती म्हणाली, "माझ्या हातचं तुमीबी खाता. तुमाला काहून काही झालं न्हाई?" टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.

मी तिचं गाठोडं उचलून तिच्या हातात दिलं. उत्तर माझ्याकडं होतं — आणि तेच मला सांगायचं आहे. निळा ओघळ पाहिला त्या दिवसापासून माझ्या घरचं पाणी मी गावातल्या विहिरीवरून आणत होते. त्या पाण्यात डाळ चांगली शिजते, असं सासूला सांगितलं. मावशीलाही माझ्याच माठातलं द्यायची. आणि पाहुण्यांना? अंगणातलं. धुणंही त्याच दगडावर चालू ठेवलं. नाहीतर लोकांनी कारण विचारलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि वाशीमला सासरी निघालेली एक नवी नवरी आमच्याकडं अडकली. हातावरची हळदही उतरली नव्हती. तिला तांब्या मी दिला. "बाई, पाणी लई गोड हाय," म्हणाली. पूर ओसरायच्या आत ती पोरगी गेली.

त्याच सकाळी मी टोपलं उचललं आणि विहिरीत माती टाकायला लागले. नवरा धावत आला. "काय करून राहिली तू?" "बुजवून राहिले," मी म्हणाले. त्यानं टोपलं ओढलं, मी सोडलं नाही. शेवटी तोही हात लावायला लागला. मग गाव आलं. सून किती हळव्या मनाची, लोक म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. कितीतरी वर्षं ऐकून घेत आले.

साखऱ्याला जाणारी गाडी आमच्या दारातून कधीही मिळाली असती. मी गेले नाही. मावशी तिथंच वारली. तिच्या हातचं खाऊन माणसं मरतात, हे तिला शेवटपर्यंत खरं वाटत होतं, असं पुढं नाक्यावर भेटली तेव्हा तिची भाची सांगत होती. म्हणून ती स्वतःच्या हातानं भाचीच्या लेकरांना घास भरवायची नाही.