खाली न उतरलेला आवाज

काकींचा आवाज लई मोठा होता. स्टुडिओच्या मागच्या जिन्यात उभं राहून त्या मालकांना जेवायला हाक मारायच्या, तर ती रस्त्यापलीकडच्या शिंप्याला ऐकू जायची आणि तोच तिकडून हात हलवून सांगायचा, बाहेर गेलेत म्हणून. लग्नात बँजो दणाणत असताना त्या नवरीला ‘पदर सावर’ म्हणून ओरडल्या की नवरी सोडून मांडवातल्या बाकीच्या बायका पदर सावरायच्या. आमच्याकडं हळू बोलणाऱ्या माणसाला बरं नाही असंच समजतात. काकी खरोखरच आजारी पडल्या, तेव्हाही लवकर कळलं नाही, कारण त्यांचा बसलेला आवाजसुद्धा आमच्यापेक्षा मोठा होता.

मी त्या स्टुडिओत कॉम्प्युटरचं सगळं बघायची. मालक, म्हणजे काकींचे यजमान, लग्नांचं शूटिंग करायचे. काकी सोबत जायच्या. नवरीची साडी, गजरा, बायकांना ओळीत उभं करणं आणि ओळ मोडली की झापणं ही खाती त्यांची. मी मागं स्टुडिओत बसून आलेलं शूटिंग सांभाळायची.

त्यासाठी दोन सर्व्हर होते, जोडीनं चालणारे. एकावर ठेवलेलं आपोआप दुसऱ्यावरही जायचं, म्हणजे एक बंद पडला तरी काम अडायला नको. दोघांच्याही पोटात दोन जातीचे ड्राइव्ह. एक मोठे, दमानं चालणारे. वर्षानुवर्षांची लग्नं, बारशी, डोहाळजेवणं सगळी त्यांच्यावर. आणि पुढच्या खणात छोटे, चपळ. त्यांना कॅश ड्राइव्ह म्हणायचं. मार्केट यार्डात गूळ आला की आधी दारात उतरवून घेतात, मग हमाल सवडीनं आत नेऊन थप्पी लावतात, तसं हे काम चालतं. नवीन शूटिंग आधी छोट्यांवर उतरतं, स्क्रीनवर ‘कॉपी पूर्ण’ असं येतं आणि मग मशीनला सवड मिळेल तसं ते मोठ्यांवर जातं. हे मी मालकांना समजावलं तेव्हा त्यांना छोट्यांचं फार कौतुक वाटलं. पळापळ सगळी ह्यांचीच की, म्हणाले.

मालकांची, आणि खरं तर स्टुडिओतल्या सगळ्यांचीच, एक सवय होती. ‘कॉपी पूर्ण’ दिसलं की कॅमेऱ्यातलं कार्ड तिथल्या तिथं कोरं करायचं. सीझनमध्ये एकामागं एक मुहूर्त. कार्डं कुणाच्या बापाला पुरणार!

काकींना मिशरी नडली, घशाचा कॅन्सर निघाला. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या. काकींनी विचारलं, मग बोलायचं कशानं? गळ्याला लावायचं कसलंसं यंत्र मिळतं, सरावानं थोडंफार बोलता येतं, असं ते म्हणाले. काकी घरी आल्या आणि मालकांना म्हणाल्या, “यंत्राबिंत्राचं ऱ्हाऊ दे. तुमचा कॅमेरा आणा.”

त्यांची लेक पहिलटकरीण होती, सातवा सरलेला. जन्माला येणाऱ्या पोराला आजीचा आवाज माहीत नसणार, हे काकींना सहन होत नव्हतं. गळा कापायचं भ्यावच वाटलं नाही त्यांना, रडू आलं ते ह्याच गोष्टीचं. आणि गंमत बघा, साऱ्या जिल्ह्याच्या बायकांचं शूटिंग करणाऱ्या माणसानं स्वतःच्या बायकोसमोर कॅमेरा कधी धरला नव्हता. अष्टमीला दुपारी त्यांनी तो धरला. माइक माझ्या हातात होता. काकी पाळणा म्हणाल्या. लेकीला बाळाची मालिश कशी करायची ते सांगितलं, जावयाला दोन शिव्या हासडल्या. शिरोळला माहेरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा म्हशीला घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कशा बसून राहिल्या होत्या, ते नातवाला सांगितलं, मग नातीला पुन्हा वेगळं सांगितलं, कारण काय होणार ते ठाऊक नव्हतं. बसलेला घसा, पण दम खाऊन खाऊन बोलल्या. मालक डोळा कॅमेऱ्याला लावून होते आणि तो काही काढत नव्हते.

ते आटपल्यावर मी पेठ वडगावला, माझ्या गावी निघाले. आमच्या घरी दसरा म्हणजे विहारातला कार्यक्रम, पांढरी साडी आणि खिरीचं मोठं पातेलं. खंडेनवमीची पूजा मालकांची, तिच्यात मी कधी नसायचीच. सर्व्हर नीट बंद कसे करायचे ते मालकांना ठाऊक होतं आणि त्यांनी सगळं अगदी बरोबर केलं. शूटिंग उतरवलं, ‘कॉपी पूर्ण’ बघितलं, दसऱ्याची ऑर्डर होती म्हणून कार्ड कोरं केलं, सर्व्हर बंद केले. नवमीला हत्यारांना सुट्टी द्यायची असते.

सकाळी कॅमेरे, लेन्स, लाइट पुसून पाटावर मांडले. दरवर्षी सर्व्हरच्या पेटीला बाहेरून कुंकवाचं एक बोट आणि झेंडूचं एक फूल मिळायचं. त्या दिवशी मालकांचं मन भरून आलेलं. बायकोचा आवाज ज्यांच्यापाशी ठेवलाय, त्यांना नुसतं बाहेरून कुंकू? दोन्ही पेट्यांतले चारही छोटे ड्राइव्ह त्यांनी बाहेर काढले, पाटावर कॅमेऱ्यांच्या मधोमध ठेवले, ओलं कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं, हात जोडले. मग पुसले, परत खणात बसवले आणि दिवे लागतात का बघायला बटण दाबलं. दिवे लागले नाहीत. मी आल्यावर बघेन म्हणून त्यांनी बटण बंद केलं, दसऱ्याची ऑर्डर उरकली आणि दुसऱ्या दिवशी काकींना घेऊन मिरज गाठली.

दसरा करून मी आले, पहिला ड्राइव्ह ओढला, तर सोनेरी टोकांवर लाल ओघळ आणि जळका वास. दुसराही तसाच. चारही तसेच. मी मालकांना फोन केला. ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसले होते, काकींना नुकतंच आत नेलं होतं. मी विचारलं, अष्टमीचं कार्ड आहे का हो?

“कोरं केलं की,” ते म्हणाले. “का गं?”

मी ‘काही नाही’ म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर भिंतीला टेकून खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

नवे छोटे ड्राइव्ह बसवल्यावर मोठ्यांवरचं सगळं जसंच्या तसं उघडलं. कुणाकुणाच्या वराती, कुणाकुणाचे सत्कार, एक फ्रेमसुद्धा गेली नव्हती. काकींचं तेवढं छोट्यांवरून खाली मोठ्यांवर उतरलं नव्हतं, मशीनला सवड मिळायच्या आतच ते बंद झालेलं. जळके ड्राइव्ह पुण्याला पाठवले, तिथल्या माणसानं काही निघत नाही म्हणून परत पाठवले. मग मालक म्हणाले, जुन्या लग्नांत बघ, तिचं ओरडणं कुठंतरी असंलच. मी बघितलं. काकी ठिकठिकाणी सापडल्या, नवरीमागं, जेवणाच्या पंगतीत, हात वर करून कुणाला तरी दटावताना. पण जागा वाचवायला कच्चं शूटिंग आम्ही ठेवत नव्हतो, आणि तयार व्हिडिओत सगळीकडं सनई आणि गाणी चढवलेली. मला असा राग आला होता की सनईवाला समोर असता तर त्याला मारलं असतं. बिचाऱ्याचा काय संबंध!

काकी घरी आल्यावर मालक मला म्हणाले, पोरी, तू सांग, मला मशीनचं नीट सांगता यायचं नाही. मशीनचं त्यांना चांगलं सांगता आलं असतं. मी गेले. काकी स्वयंपाकघरात बसल्या होत्या, गळ्यावरच्या भोकावर पातळ फडकं बांधलेलं. मी दारातल्या गुळाचं सांगितलं, मोठ्यांचं, छोट्यांचं, ओल्या कुंकवाचं. मालक चौकटीला धरून उभे होते, आत येत नव्हते. काकींनी मान खाली घालून सगळं ऐकलं. मग फोन घेतला, एका बोटानं किती तरी वेळ टाइप केलं आणि मोठ्यानं वाच म्हणून खूण केली.

मी वाचलं. “कुकू मी कालवून दिलतं. हे म्हणाले पातळ झालंय. मी म्हटलं लावा की, काय हुतंय.”

मालक आत आले. न्हाय, म्हणाले, तू कशाला अंगावर घेतीस, मी काढले ड्राइव्ह, मी लावलं, माझ्याच हातानं घालवलं. त्यांचा आवाज चढला. काकींनीही मान जोरात हलवली आणि उलट बोलायला लागल्या, हात नाचवून, डोळे मोठे करून, पूर्वीसारख्याच त्वेषानं. ओठ भराभर हलत होते आणि गळ्यावरचं फडकं आतबाहेर होत होतं. मालकांनी एकदोनदा मधेच तोडलं. मग ते गप्प झाले, बायकोला तिचं पुरतं बोलू द्यायला, आणि त्या बोलत राहिल्या, आणि घरात काहीही ऐकू येत नव्हतं.