जावळाले मामा पायजे

माह्या पोराचं जावळ काढाचं ठरलं तेव्हा पयला सवाल हाच आला का पोराले मांडीवर घेऊन बसाले मामा कुठून आनाचा, कारन आमी दोघी बहिनीच, भाऊ नाही. माहेर माहं अकोल्याचं, सासर भातकुलीजवळ, झेंडू-शेवंतीची शेती करनारं. सासू म्हने, चुलत भावाले बोलाव. माही लहानी बहीन अमरावतीले राजापेठेत खोली करून क्लास करते, तिले मी फोनवर सहज हे सांगतलं, तं म्हने, "चुलत कायले ताई? मी बसतो ना."

मी म्हनलं, "मावशी बसते का कुठं?"

मंग म्हने, "मी मावशी नाही ताई. मी पोरगीच नाही. लहानपनापासून नाही. सगळ्यात पयले तुलेच सांगून राह्यलो."

पोरगं कडेवर, गॅसवरचं दूध उतू गेलं. मी आठवीपर्यंत शिकली, मले काई समजेच ना. मी विचारलं, "कोनी काई केलं का तुले? डॉक्टरले दाखवाव का?"

"ताप नाही आला मले," तो म्हने. तो म्हनू का ती, अजूनबी माहा गोंधळ होते. "मामा म्हनून बसवशीन तं येतो. मावशी म्हनून बसवाचं असन तं चुलत भावालेच बसव."

सासूले मी खरं सांगतलं नाही. मले घरातून काढून देतीन, पोरगं ठेवून घेतीन, डोक्यात तेवढंच. मी म्हनलं चुलत भावाले सुट्टी नाही, बहीनच बसन. सासू म्हने, "बसू दे. देवीले काय, मांडी पायजे."

त्याले मी फोनवर नुसतं 'ये' म्हनलं. जावळाच्या दिवशी देवीच्या देवळापुढं तो आला, केस बारीक कापलेले, शर्ट-पँट. न्हाव्यानं विचारलं, "मामा कोन?" मी नुसता हात दाखवला. पोरगं त्याच्या मांडीवर जरा रडलं, मंग शर्टाचं बटन धरून चूप बसलं.

मंग आहेर. सासूनं माह्या बहिनीसाठी ब्लाउजपीस काढून ठेवला होता, अन् बाजूले मानसांसाठी दुपट्टे-टोप्या. मी ताट घेऊन त्याच्यापुढं उभी राह्यली. त्यानं मान खाली केली. मी टोपी कधी उचलली मलेच ठाऊक नाही, घातली डोक्यावर अन् दुपट्टा गळ्यात.

मोठी जाऊ म्हने, "आता मामाले नवरीबी पाहा बाई." सगळ्या हसल्या. सासू माह्याकडं पाहून म्हने, "बरी थट्टा करते हे." अन् मीबी हसली, भेवानं हसली. तो तेवढा हसला नाही, पोराचं गोटा झालेलं डोकं पुसत राह्यला. मी त्याले मान देल्ला का त्याची फजिती केली, हे मले आजबी सांगता येत नाही.

जेवनं झाल्यावर तो अमरावतीच्या ऑटोत जाऊन बसला, टोपी डोक्यावरच. सासूनं ब्लाउजपीस माह्या हातात देल्ला, म्हने, "हा दे तिले, अन् टोपी मांगून आन. झाली ना थट्टा."

मी धावत ऑटोजवळ गेली.

"काय झालं ताई?"

"काई नाही," मी म्हनलं, "नीट जा."

ब्लाउजपीस पदराखाली तसाच दाबून धरला होता. ऑटो दिसेनासा झाला, मंग मी तशीच सासूकडं वळली.