ओवीची गाडी डावीकडे का वळते

भिकाजी सुताराला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. शारजाच्या औद्योगिक भागात दरवाजे बनवण्यात त्याची निम्मी हयात गेली होती, आणि त्याच्या मते मशीन हे हात नसलेल्यांसाठी असतं. हे मत तो शेजारच्या वर्कशॉपवाल्या तहसीनभाईंना नीट ऐकू जाईल असं, मुद्दाम हिंदीत, मांडायचा, कारण तहसीनभाईंकडे स्टँडवरचं नवंकोरं ड्रिल मशीन होतं. साहजिकच दोघांचं बोलणं बंद होतं.

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या अनुपमावहिनींच्या घरी कपाटं बसवली, तेव्हापासून भिकाजी घरचाच झाला होता. सुट्टीच्या दिवशी तिथे जेवायला जायचा आणि जेवता जेवता बढाया मारायचा. वहिनींची लेक ओवी दरवर्षी मराठी मंडळींच्या छोट्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीत उतरायची. उतरत्या फळीवरून गाड्या सोडायच्या, आधी खाली पोचेल ती जिंकली. ओवीची गाडी मात्र डावीकडे वळून कडेच्या पट्टीला घासत मध्येच बसायची. तिच्या बाबांनी चाकांच्या दांड्यांसाठी, म्हणजे अ‍ॅक्सलसाठी, अंदाजपंचे पाडलेल्या भोकांचा तो प्रताप. यंदाची शर्यत तिची शेवटची होती. उन्हाळ्यात सगळे कायमचे पुण्याला परतणार होते.

"काका, जस्ट वन्स, इट शुड गो स्ट्रेट," ती म्हणाली.

"अ‍ॅक्सलची भोकं मी पाडतो. सरळ नाय गेली तर नाव बदलीन," भिकाजीने छाती ठोकून सांगितलं.

आणि त्याने ती पाडली दरवाजाच्या कुलपासाठी पाडतात तशी: अर्धं भोक इकडून, लाकूड उलटून अर्धं तिकडून. त्यामुळे ढलपी उडत नाही, दोन्ही तोंडं देखणी राहतात. कुलपाच्या ऐसपैस भोकात मधला फरक कुणाला कळतो? इथे अ‍ॅक्सल होता तारेएवढा. चाचणीला गाडी सुटली आणि निमूटपणे डावीकडे गेली.

भिकाजीने आधी फळीला दोष दिला, मग चाकांना, मग दुबईच्या दमट हवेला. ओवीने तोवर अ‍ॅक्सल काढून भोकाला डोळा लावला होता. "काका, आय कान्ट सी द अदर साइड."

भिकाजीने पाहिलं. उजेडाची जेमतेम बारीकशी कोर दिसत होती. दोन अर्धी भोकं मध्ये भेटताना एकमेकांना चुकवून गेली होती. पोरीचा चेहरा बघून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता भोकं बुजवून पुन्हा पाडायची, तीही एकाच बाजूने, एका दमात. खाली एक टाकाऊ फळी घट्ट धरायची, म्हणजे ढलपी उडाली तर तिची उडेल. हे त्याला ठाऊक होतं. पण एवढ्या बारीक भोकासाठी ड्रिल केसभरही कलून चालणार नव्हतं, आणि ते हाताने जमणार नव्हतं. हेही त्याला ठाऊक होतं, फक्त घशाखाली उतरत नव्हतं. वर्कशॉपवर परतल्यावर तो तहसीनभाईंच्या दारापर्यंत जाऊन परत आला. मग पुन्हा गेला आणि आत शिरला.

"तहसीनभाई, आपका मशीन चाहिए," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"मशीन तो बगैर हाथवालों के लिए होता है ना?"

"हां. इसीलिए आया."

तहसीनभाईंनी त्याला क्षणभर न्याहाळलं आणि मग ते हसतच सुटले. "यल्ला, लाओ गाडी."

शर्यतीला भिकाजी तहसीनभाईंनाही ओढून घेऊन आला. गाडी सुटली तसे त्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ती रेषेपलीकडे होती, दुसऱ्या नंबरावर. पहिली कुणाची आली हे ओवीने पाहिलंसुद्धा नाही. "इट वेन्ट स्ट्रेट, काका," म्हणत ती त्याच्या कमरेला बिलगली, आणि भिकाजीला एकदम भरून आलं.

भोवती पालकांचा घोळका जमला. "पुढच्या वर्षी आमच्याही गाड्यांची भोकं तुम्हीच पाडा हां. काय हात आहे तुमचा," एकजण म्हणाला.

आता अर्धा तास बढाया ऐकाव्या लागणार, म्हणून अनुपमावहिनींनी शेजारची खुर्ची ओढली.

"माझ्या हाताने वाकडी पडली होती," भिकाजी म्हणाला. "सरळ पाडली ती या तहसीनभाईंच्या मशीनने. त्यांना विचारा."

सगळे तहसीनभाईंकडे वळले. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं.

"क्या बोला?" त्यांनी विचारलं.

आणि भिकाजीला ते सगळं पुन्हा एकदा, सगळ्यांच्या देखत, हिंदीत म्हणावं लागलं.