एका रात्रीसाठी आलेलं चर्च

आमच्या लोकांचा एक नियम आहे. कॉफी विचारली की पहिल्यांदा 'नको' म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारली की 'उगाच कशाला त्रास' म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की 'बरं, अगदी अर्धा कप' म्हणायचं आणि मग पोटभर प्यायची. पहिल्याच खेपेला 'हो' म्हणणारा हावरट, आणि दोनदाच विचारून किटली खाली ठेवणारा कंजूष. आमच्या आजोबांनी नॉर्वेतून आयोवात येताना पेटाऱ्यात काय काय आणलं असेल ते असो, पण ही खोड काही ते मागे विसरले नाहीत. माझ्या बाबांचं अख्खं आयुष्य या खोडीपायी वाया गेलं. कुणाला हे पटो न पटो, मी बोलणार.

बाबांचं नाव टोलेफ ब्राटलँड. सरळ माणूस, उंच, जरा वाकलेला, दारातून आत येताना सवयीनं मान खाली घालणारा. शेत बेताचं. त्यातही निम्मा उतार, ओढ्याकडची बाजू बारमाही चिखल. फक्त घरासमोरचा एक पट्टा सपाट आणि काळाभोर होता. त्यात मका असा यायचा की उभा माणूस दिसायचा नाही. घर चालायचं ते त्या पट्ट्यावर. आणि त्याच पट्ट्याच्या बरोब्बर मधोमध, मला कळायला लागलं तेव्हापासून, एक पांढरं चर्च उभं होतं. घंटेसकट.

आता चर्च शेतात कसं आलं ते सांगते. आमच्या काउंटीत चर्चचा इतिहास म्हणजे भांडणांचा इतिहास. जर्मन लोकांची चर्चमंडळी फुटली ती गाणी कुठल्या पुस्तकातून म्हणायची यावरून. स्वीडिश लोकांची फुटली तंबाखूवरून. ओढ्यापलीकडच्या नॉर्वेवाल्यांनी तर देव माणसाला जन्माआधीच निवडून ठेवतो की नंतर, यावरून एकमेकांचं तोंड बघणं सोडलं आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन चर्चं बांधली. रविवारी दोन्हींकडून एकच गाणं ऐकू यायचं, थोडं मागेपुढे. आमची मंडळी मात्र फुटली नाही. फुटली असती तर बरं झालं असतं.

आमचं चर्च मुळात पूर्वेच्या टेकाडावर होतं. मग पश्चिमेला रेल्वे आली, स्टेशन आलं, धान्याचं कोठार आलं, सिव्हर ओपडालचं दुकान आलं. सिव्हर म्हणाला, आता चर्च गावात हवं. पूर्वेकडचे म्हणाले, आमचे बापजादे टेकाडावर पुरलेत, चर्च तिथून हलायचं नाही. हे गुऱ्हाळ कित्येक वर्षं चाललं. शेवटी मतदान झालं, सिव्हरची बाजू निसटती जिंकली, आणि जानेवारीत जमीन दगडासारखी गोठल्यावर सगळ्यांनी मिळून चर्च पायावरून उचललं, खाली लाकडी ओंडक्यांची घसरगाडी घातली आणि घोडे जुंपले. तेव्हा मी जन्मलेही नव्हते. आईबाबांचं लग्न होऊन दोनच वर्षं झाली होती.

संध्याकाळच्या सुमाराला चर्च आमच्या कुंपणापाशी आलं. सिव्हर बाबांना म्हणाला, "टोलेफ, पुढच्या चढावर घोडे टिकायचे नाहीत. तुझ्या शेतातून आडवं नेलं तर? आजची रात्र राहील इथं, उद्या सकाळी पुढं."

"न्या की," बाबा म्हणाले.

त्या रात्री वारं फिरलं. दक्षिणेकडून ऊब आली, मागोमाग पाऊस, आणि भर जानेवारीत जमीन विरघळली. सकाळी बघतात तो ओंडके चिखलात गडप. घोडे पोटापर्यंत माखले, दोर तुटले, पण चर्च तसूभर हललं नाही. पूर्वेकडच्यांनी टोप्या काढल्या आणि म्हणाले, देवाचीच इच्छा दिसते. पश्चिमेकडचे म्हणाले, देवाची कसली, दक्षिणेच्या वाऱ्याची. पुढल्या हिवाळ्यात बघू.

मार्च संपताना सिव्हर आणि पाळकसाहेब आमच्या दारात आले. पाळकसाहेबांनी विचारलं, "टोलेफ, पुढच्या हिवाळ्यापर्यंत राहिलं, तर तुला त्रास तर नाही ना?"

"छे, कसला त्रास," बाबा म्हणाले.

अहो, म्हणणारच. पहिल्यांदा विचारलं होतं ना. आता पाळकसाहेब म्हणणार, नाही रे टोलेफ, पेरणीचे दिवस आहेत. मग बाबा म्हणणार, होईल कसंतरी. मग तिसऱ्यांदा विचारलं की बाबा मान खाजवत म्हणणार, तसं म्हटलं तर आहे थोडी अडचण. सगळ्या काउंटीत असंच चालतं. पण पाळकसाहेब नवीन होते, शहरात शिकलेले. ते म्हणाले, "देव तुझं भलं करो," आणि टोपी घालून चालू पडले. सिव्हरला नियम पक्का माहीत होता. तो बेटा गप्प राहिला.

बाबा पुढची तीस वर्षं त्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होते.

पुढच्या हिवाळ्यात पूर्वेकडच्यांनी घोडे आणलेच नाहीत. त्याच्या पुढच्यात बर्फ कमी पडला. मग उपासनेला बसताना फरशी डुगडुगते म्हणून खाली दगड रचले. दगड आहेत तर पायऱ्या हव्यात. पायऱ्या झाल्यावर घोडे बांधायला आडवं लाकूड, मग शेगडीसाठी धुराडं, मग मागं संडास. ओसरी दिली की लोक हातपाय पसरतात, यात नवल नाही. नवल याचं, की पूर्वेकडचे खूश, कारण चर्च गावात गेलं नाही. पश्चिमेकडचे खूश, कारण ते टेकाडावर राहिलं नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, इथं तिसऱ्याचं शेत गेलं.

बाबा चर्चभोवती नांगर फिरवायचे. नांगराचा सरळ तास घालता यायचा नाही. कोपऱ्यावर घोडे वळवताना निम्मी जमीन तुडवली जायची आणि भिंतीलगत तण माजायचं. रविवारी सगळ्या मंडळीच्या गाड्या आमच्या मक्यातून यायच्या. प्रवचन लांबलं की बांधलेले घोडे मान लांबवून कणसं खायचे, आणि पाळकसाहेबांचं प्रवचन कधीच आखूड नसायचं. बाबा खिडकीतून ते बघत भजन म्हणायचे. पुढे घोडे गेले, मोटारी आल्या. मोटारी कणसं खात नाहीत, पण चाकोऱ्या खोल करतात.

दर जानेवारीत मंडळीची वार्षिक सभा भरायची. बाबा आधी आठवडाभर गोठ्यात गायींसमोर भाषणाची तालीम करायचे. तिथं आवाज असा की गायी दूध चोरायच्या. सभेत उभे राहिले की मात्र टोपी हातात फिरवायचे. "माझी तशी तक्रार नाही," म्हणायचे. "पण सोयीनं बघता आलं तर बघावं. आमच्या थोरालाही जरा त्रास होतो." थोरा म्हणजे माझी आई.

"रास्त आहे," सिव्हर म्हणायचा.

"अगदी रास्त," पूर्वेकडचे म्हणायचे.

आणि विषय पुढच्या वर्षावर. नाही कुणीच म्हणायचं नाही. नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. आमच्याकडे होकारातच माणसाला पुरतात.

मी वयात आल्यावर बाबांशी तंडायचे. "बाबा, सरळ सांगा ना, उचला तुमचं चर्च म्हणून."

"असं बोलतात का, बर्गित? शेजारी आहेत."

"शेजारी घराशेजारी राहतात. हे तर ताटात येऊन बसलेत."

"हळू बोल, खिडकी उघडी आहे."

माझा थोरला भाऊ ओदिन एका वसंतात नांगर अर्ध्यावर सोडून घरात आला. "चर्चभोवती गोल गोल फिरायला मी काय घाण्याचा बैल आहे?" म्हणाला आणि डाकोटाला निघून गेला. बाबा त्याला स्टेशनवर सोडायला गेले नाहीत. त्यांनी त्यानं सोडलेला तास पुरा केला. मी लग्न करून नवऱ्यासकट घरातच राहिले, पण त्यालाही ती जमीन बघून उसासे यायचे. मोकळा पट्टा मिळाला तर आमचं इथं भागणार होतं, नाही तर आम्हीही ओदिनच्या मागं जाणार, हे बाबांना आम्ही सांगितलं होतं. त्यांना झोप लागेनाशी झाली.

आणि मग एकाएकी नशीब पालटलं. सिव्हर म्हातारा झाला होता, पण मरण्याआधी चर्च गावात बघायचंच असं त्यानं ठरवलं. गावात जागा मिळाली. यंत्रानं घरं हलवणारे लोक येऊन बघून गेले, म्हणाले, दोन दिवसांचं काम. फक्त नव्या नियमानं सभेत दोन तृतीयांश मतं हवी होती. पुरुषांचा हिशेब जुनाच, निम्मे इकडे निम्मे तिकडे. पण त्याच वर्षी आमच्या मंडळीनं बायकांना मताचा हक्क दिला होता.

बाबा हरखून गेले. "तू आहेस, थोरा आहे," ते मला म्हणाले. "आणि महिला मंडळ काय, थोरा म्हणेल तसं करतं. इतकी वर्षं तिच्याच हाताखाली सगळ्या कॉफी करतात." आई तेव्हा बटाट्याच्या पोळ्या, लेफ्से लाटत होती. तिनं मान वर केली नाही. आम्ही दोघंही आमच्याच नादात होतो. बाबांनी लग्नातला कोट बाहेर काढला, मी त्याच्या बाह्या उसवून सैल केल्या.

सभा चर्चमध्येच भरली. बाकं गच्च भरली होती. पाळकसाहेबांनी ठराव वाचला आणि विचारलं, कुणाला बोलायचंय का. बाबा उठले. मला वाटलं, आता परत 'माझी तशी तक्रार नाही'.

"मला त्रास होतो," बाबा म्हणाले.

सिव्हरनं मान वळवून बघितलं.

"पहिल्या दिवसापासून होतो. तुम्ही एका रात्रीसाठी विचारलं होतं. माझा मुलगा गेला या पायी. मला माझी जमीन परत हवीय. आणि थोरालाही त्रास होतो, ती भिडेपोटी बोलत नाही इतकंच."

ते खाली बसले. मी त्यांचा हात धरला. इतका अभिमान मला त्यांचा कधी वाटला नव्हता. तेवढ्यात आई उठली. आमच्या मंडळीच्या सभेत तोवर कुठलीही बाई बोलली नव्हती.

"टोलेफ," ती म्हणाली, "मला त्रास होत नाही."

बाबांना वाटलं, ही पहिल्यांदाचं 'नको' म्हणतेय. त्यांनी तिला समजुतीनं मान हलवून दाखवली, बोल बोल म्हणून.

"चर्च आलं त्याआधी मी या घरात दोन हिवाळे काढले," आई म्हणाली. तिचा आवाज स्वयंपाकघरात असतो तसाच होता. "नोव्हेंबर ते मार्च माणसाचं तोंड दिसायचं नाही. चुलीशी बोलायचे मी. दुसऱ्या हिवाळ्यात ओढ्यावर जाऊन आले एकदा. बर्फ पातळ असतो तिथपर्यंत. मग परत आले, कारण गायींची धार काढायची होती. त्या जानेवारीत सकाळी खिडकी पुसली तर समोर हे उभं. आणि सगळीकडे माणसं. चिखलात घसरतायत, ओरडतायत, कॉफी मागतायत. तुम्हाला गावात शेजार आहे. टेकाडावरच्यांनाही आहे. मला हाच आहे. माझं मत नाही असं आहे."

आणि ती बसली. मतदान झालं. महिला मंडळाचे सगळे हात तिच्या बाजूनं गेले. सिव्हरच्या बायकोचासुद्धा. मी बाबांच्या बाजूनं हात वर केला. बायकांच्या हातांत तो एकटाच होता. ठराव पडला. लोक बाहेर पडताना बाबांना म्हणाले, "रास्त बोललास, टोलेफ."

मी बाकांमधून वाट काढत गेले. दारातच आईला गाठलं. "तीस वर्षं तोंड शिवलं होतंस का? घरात सांगता आलं नाही, चारचौघांत त्यांचं नाक कापायला सुचलं? ओदिन गेला तेव्हा तरी बोलायचंस. आता आम्हीही जायचं का?"

"जा," आई म्हणाली. "तुझ्याबरोबर नवरा आहे, बोलतो तुझ्याशी. कुठंही निभेल तुझं."

मी चडफडत पुढं निघाले.

घर शंभर पावलांवरही नाही, पण बाबांना यायला बराच वेळ लागला. दुपारचं लख्ख ऊन बर्फावर पडलं होतं. ते आत आले, कोट न काढता टेबलाशी बसले. मला वाटलं आता आग पाखडतील, जमिनीचं काढतील, ओदिनचं काढतील. मी तयारीत होते, त्यांच्या बाजूनं भांडायला.

जमिनीचं त्यांनी नावच काढलं नाही. आई पाठमोरी उभी राहून हॅटच्या पिना काढत होती. ते तिच्या पाठीकडे बघत होते.

"थोरा," ते म्हणाले. "ते दोन हिवाळे. तेव्हा मी होतो की घरात."

"होतास," आई म्हणाली.