येन्सला घेऊन विठ्ठलवाडीला: घोडबंदरच्या ट्रॅफिकपासून कोंबडी-वड्यांपर्यंत

"मुंबईत एक बैठक आहे, नंतर दोन दिवस मोकळा आहे. ताजमहाल वगैरे नको. तू राहतोस तो भाग दाखव, आणि संतोषला भेटव." येन्सचा हा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होतो. वाचून आधी आनंद झाला, मग घाम फुटला.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी आणि संतोष प्रादेशिक सेनेत हवालदार आहोत. म्हणजे वर्षभर चारचौघांसारखी नोकरी आणि वर्षातले काही आठवडे अंगावर वर्दी. येन्स डेन्मार्कचा. एरवी शाळेत सुतारकाम शिकवतो आणि तिथल्या राखीव दलात सार्जंट आहे, म्हणजे आमच्याच पंगतीतला. गेल्या वर्षी त्याच्या देशात पाच देशांच्या राखीव हवालदारांचं पूर-बचावाचं शिबिर झालं. तिथे होडी उलटली, बर्फासारख्या पाण्यात येन्सचा पाय दोरात अडकला आणि संतोषने बुडी मारून त्याला सोडवलं.

आपल्याकडे परतल्यावर मात्र संतोषची बाईक घसरली आणि गुडघा कामातून गेला. आता मेडिकल बोर्डापुढे जायचं होतं. पळता येत नसलं तरी शिकवायला ठेवू शकतात, असं आमचे साहेब म्हणत होते. पण हा पठ्ठ्या बोर्डाला जायलाच तयार नव्हता, आणि न गेला तर वर्दी कायमची गेली. माझे फोनही उचलत नव्हता. म्हटलं, परदेशी पाहुण्याला तरी दार उघडेल.

पहिला दिवस ठाण्याचा. येन्सने माझा सल्ला न ऐकता घोडबंदर रोडवर हॉटेल घेतलं होतं. तुम्ही ही चूक करू नका. खोली झकास, खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, पण त्याला आणायला गेलो तर रिक्षा एका जागी इतकी रुतली की रिक्षावाला म्हणाला, "काका, उतरा आणि चालत जा. मी येतो मागनं!" भाडं मात्र पूर्ण घेतलं.

दुपारी मिसळ. वेटरने विचारलं, "साहेबांना मीडियम देऊ ना?" येन्सने माझ्या ताटाकडे बोट दाखवून "सेम" म्हटलं. पाचव्या घासाला त्याचे कान लाल झाले, पण रस्सा पुन्हा मागितला. संध्याकाळी तलावपाळीवर बसलो. बदकांच्या आकाराच्या पॅडल बोटी बघून त्याने गंभीरपणे विचारलं की पुरात या वापरता का. मी इतका हसलो की शेजारच्या आजी उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. कल्याणला जायला आम्ही भिवंडी बायपास आणि कोन गावाचा रस्ता धरला. सकाळी लवकर निघालात तर बरा आहे, नंतर ट्रकांच्या मागे रांगत जावं लागतं. पूल ओलांडला की लगेच दुर्गाडी. किल्ल्याचं फार उरलेलं नाही, पण वरून खाडी छान दिसते. येन्स बराच वेळ पाण्याकडे बघत उभा होता. "त्याला मला भेटायचं आहे ना?" त्याने विचारलं. मी खोटं बोललो, "म्हणजे काय!"

कल्याणपुढच्या विठ्ठलवाडीला संतोषच्या बायकोने, स्मिता वहिनींनी, दार उघडलं. आम्ही येणार हे मी त्यांनाच कळवून ठेवलं होतं. आतून कोंबडीच्या रश्श्याचा असा वास आला की मी चपला काढायच्या विसरलो. संतोष पलंगावर बसला होता, बाजूला काठी. येन्सने वाकून त्याला मिठी मारली, दोघेही हसले. पण बोर्डाचा विषय निघताच संतोषने तोंड फिरवलं.

"मी आता सिव्हिलियन आहे. विषय संपला," तो म्हणाला.

वहिनींनी पानं घेतली आणि तिथे सगळं अडलं. कोणी बसेचना. त्या शिबिरात पाच देशांचं एकाही गोष्टीवर जमत नव्हतं, गाठ कशी मारायची इथपासून चहात दूध घालायचं का इथपर्यंत. एकच नियम सगळ्यांचा सारखा निघाला: हवालदार आधी जेवत नाही. सगळ्यांच्या पोटात गेलं की मग तो. ती सवय हाडात मुरलेली, त्यामुळे येन्स भिंतीला टेकून उभा आणि मी त्याच्या शेजारी.

"बसा ना भावोजी, वडे गार होतायत!" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही आणि आई आधी बसा," मी म्हटलं.

संतोषच्या आईने कपाळाला हात लावला. "पावण्याक आधी वाढ गो! खयची ही रीत?"

येन्सला काय चाललंय ते बरोबर कळलं. त्याने खुर्ची ओढली आणि संतोषला इंग्रजीत म्हणाला, "तू सिव्हिलियन ना? मग तू बस. आम्ही हवालदार लोक नंतर जेवू."

संतोष बसला. वहिनींनी वाढलं. त्याने वडा मोडला, रश्शात बुडवला, आणि हात तिथेच थांबला. त्याने आईकडे बघितलं, मग उभ्या असलेल्या आम्हा दोघांकडे. एक घास म्हणून तोंडात जाईना.

"च्यायला," तो म्हणाला. काठी घेऊन उठला आणि वहिनींच्या हातातला डाव ओढून घेतला. "आई, तू बस. स्मिता, बस. सुन्या, येन्स, तुम्ही पण बसा. इथे सीनियर मी आहे!"

आम्ही गुपचूप बसलो. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डाव, असा तो लंगडत सगळ्यांना वाढत फिरला, येन्सला सोलकढी दोनदा. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी स्वतः बसला आणि सात वडे हाणले. बोर्डाचं नाव परत कोणी काढलं नाही. मला रडू येत होतं, ते मी तिखटावर ढकललं.

परतताना शिळ रोडने आलो. वाटेत डोंबिवलीत फडके रोडला चहा घेतला. येन्स अचानक कप खाली ठेवून म्हणाला, "मी त्याचे आभार मानायला आलो होतो. राहूनच गेलं."

"झाले मानून," मी म्हटलं.

त्याला विमानतळावर सोडून कळव्याला घरी आलो. अशा सहलीत बघण्यासारखं काय आहे, असं बायकोने विचारलं आणि मला धड सांगता येईना. दुर्गाडी आहे, मिसळ आहे. पण एक माणूस सात समुद्र ओलांडून आपल्या मित्रासाठी येतो आणि जेवायला न बसता उभा राहतो, याचं मोल कुठल्या यादीत बसवणार? मी येन्सचा ऋणी आहे, आणि वहिनींच्या वड्यांचाही.

तीन दिवसांनी सकाळीच संतोषचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"सुन्या, आमचा इस्त्रीवाला गावाला गेलाय रे. बोर्डाला युनिफॉर्म घालून जायचंय. तुझ्याकडे होईल का?"

"घेऊन ये," मी म्हटलं. "मीच करून देतो."

"कडक पाहिजे हां," तो म्हणाला आणि फोन ठेवला.