टाच आणि चवडा

मामोकेते लेरिबेच्या शाळेत मुलींना शिवण शिकवायची. सगळे तिला म्मे म्हणत, म्हणजे आई. पण कामात माया नव्हती. शिवण वाकडी गेली की उसवायला लावायची. पायाच्या मशीनवर टाच आणि चवडा सारखे खालीवर झाले पाहिजेत, हे मुलींच्या अंगात मुरेपर्यंत ती सोडत नसे.

लिमाकात्सो तिच्या हाताखालची सगळ्यात चांगली मुलगी. मापुत्सोएच्या कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर जागा मिळाली तर ठीक, नाहीतर सीमेपलीकडे परक्या घरी धुणीभांडी. म्हणून मामोकेते स्वतः तिला घेऊन गेली. फाटकाशी घोंगड्या पांघरून बायका कामासाठी उभ्याच होत्या.

सेलो मुकादमाने मुलीला विजेच्या मशीनवर बसवलं आणि जीन्सचे दोन तुकडे दिले. "सरळ शीव. एवढंच."

लिमाकात्सोने सवयीने पाय हलवला. मशीन धावलं आणि दोरा तुटला. पुन्हा धावलं, पुन्हा तुटला.

"शिवतेस की कांदा चिरतेस गं?" सेलो म्हणाला. शेजारच्या बायका हसल्या.

"घाबरू नकोस," मामोकेते म्हणाली. "पाय थांबवू नकोस."

मुलीने ऐकलं. कापडावर नुसत्या तुटक्या टाक्यांचा भुगा झाला.

"म्मे, तुम्ही गप्प राहा," सेलो म्हणाला. "चवड्याने हे चालतं, टाच दाबली की दोरा कापतं."

मामोकेतेला कळलं. लिमाकात्सोलाही कळलं, पण पाय ऐकेना.

"न्ताते," मामोकेतेने बापमाणसाला घालावी तशी हाक घातली, "थोडे दिवस द्या हिला. लग्नाचा अख्खा झगा शिवते ही, कॉलरसकट."

"झगा इथे कोण मागतंय? इथली बाई जन्मभर एकच शिवण घालते. आणि शिकवत बसू कधी? फाटकाशी रांग बघितलीत ना?" त्याने मशीन बंद केलं. "दोरे कापायला एक हात कमी आहे. बसते का विचारा."

तयार कपड्यांचे लोंबते दोरे कात्रीने कापायचे. त्या कामाला शाळा लागत नाही, आणि तिथून मशीनवर फारसं कोणी जात नाही.

लिमाकात्सोने मामोकेतेकडे पाहिलं. मामोकेतेने तुटक्या शिवणीचा तुकडा उचलला, उलटा करून पाहिला.

"घे ते काम," ती म्हणाली.

मुलगी उठली. "म्मे, घरी काय सांगाल?"

"कारखान्यात लागली म्हणून सांगेन."

"आणि मशीनचं विचारलं तर?"

मामोकेतेने मुलीची घोंगडी तिच्या खांद्यावर नीट केली आणि फाटकाकडे निघाली.